आयर्लंडची स्थळनामे आणि त्यांमागील कथा : पार्श्वभूमी

मध्ययुगीन आयर्लंडमध्ये 'फिली' म्हणवल्या जाणाऱ्या विद्वान कवींना राजांच्या वंशावळींबरोबरच टेकड्यांची, नद्यांची आणि उतारांची नावे कशी पडली, हेही मुखोद्गत असावे लागे. 'दिनशेनखस' नावाची ही विद्या आपल्या स्थलपुराणांना जवळची आहे. बाराव्या शतकातील 'बुक ऑफ लेन्स्टर' या हस्तलिखितात तिचा मोठा संग्रह आहे.

आर्मा शहराजवळचे एव्हन माखा हे अल्स्टर या उत्तरेकडील प्रांताच्या राजांचे पुराणप्रसिद्ध ठिकाण. त्याच्या नावाची एक कथा अशी : माखा नावाच्या स्त्रीच्या नवऱ्याने भर मेळाव्यात बढाई मारली, की आपली बायको राजाच्या घोड्यांपेक्षा वेगाने धावते. दिवस भरलेल्या माखाला मग शर्यतीत उतरावे लागले. ती जिंकली, तिथेच जुळ्यांना जन्म देऊन तिने अल्स्टरच्या पुरुषांना शाप दिला, की ऐन संकटात त्यांना प्रसूतीच्या वेदना होतील. 'एव्हन' म्हणजे जुळी. दुसऱ्या कथेत मात्र माखा ही राणी आहे आणि गळ्याजवळच्या पिनेने ती या जागेची सीमा आखते. पुष्कळदा नाव आधीचे आणि कथा नंतर रचलेली, हे उघड आहे; तरीही अशा परस्परविरोधी कथा संकलकांनी शेजारी शेजारी जपल्या, हे मला या परंपरेचे मोठेपण वाटते.

नावे आणि कथा यांची फारकत होण्यास पुढे इंग्रजी लेखन मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरले. शेतसाऱ्यासारख्या स्थानिक कराची आकारणी सुधारण्यासाठी १८२४ मध्ये ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशा-मोजणी सुरू झाली आणि एका मैलाला सहा इंच या प्रमाणात सारा देश नकाशावर आला. नकाशावर नावे इंग्रजी वळणानेच छापली गेली. एव्हनचे 'नॅव्हन' त्याआधीच झाले होते. आयरिश भाषेतील 'अन' हे उपपद नावाला चिकटले आणि जुळ्यांचा मागमूस पुसला गेला.

याच सर्व्हेत १८३० पासून काम करणाऱ्या जॉन ओ'डोनोव्हन यांनी मात्र परगण्यापरगण्यांत फिरून, आयरिश बोलणाऱ्या वृद्धांना विचारून, नावांची मूळ रूपे नामवह्यांमध्ये नोंदवली. त्यांची पत्रे स्थानिक आख्यायिकांनी भरलेली आहेत. हे काम वेळेत झाले, कारण १८४५ नंतरच्या दुष्काळात आयरिशभाषक भाग सर्वाधिक उद्ध्वस्त झाले.

१९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतील मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या कथा लोककथा आयोगासाठी लिहून काढल्या. त्यांत गावांच्या आणि शेतांच्या नावांच्या कथाही आहेत. १९४६ मध्ये नेमलेल्या स्थळनाम आयोगाने अधिकृत आयरिश रूपे ठरवताना ओ'डोनोव्हन यांच्या नामवह्यांचा आधार घेतला.