बेगड, पत्रा, फोम : शोभेच्या तलवारीची नाशिकमधली पार्श्वभूमी

'बेगडी' हे विशेषण आज आपण माणसाच्या वागण्याला लावतो. मुळात ते वस्तूचे आहे. बेगड म्हणजे कागदाइतका पातळ, चकचकीत, बहुधा रंगवलेला धातूचा वर्ख. बाशिंगे, मखरे, सोंगांचे मुकुट यांना तो खळीने चिकटवत, आणि लाकडी तलवारीच्या पात्यालाही. घरी हौसेने तलवार बनवणारे आज फोमची शीट आणि ॲक्रिलिक रंग वापरतात, पण त्यांच्यापुढचा प्रश्न बेगड लावणाऱ्याचाच आहे: ही वस्तू लोक किती अंतरावरून आणि कसल्या उजेडात पाहणार? सामान बदलत गेले ते मुख्यतः या प्रश्नापायी, आणि काही अंशी कायद्यापायी.

कायद्याचे आधी सांगून टाकू. इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यावर देशभर निर्बंध आले. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारे मोडतात. घरगुती आणि शेतीची अवजारे वगळली आहेत. शिवाय सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात, आणि त्यांत तलवारीचा उल्लेख हमखास असतो. सिंहस्थात आखाड्यांच्या साधूंच्या हाती खरी शस्त्रे दिसतात, ती त्या आखाड्यांची परंपरा. हौशी माणसाने पोलादी पट्टी ग्राइंडरवर घासून 'नुसती शोभेची' तलवार करण्याच्या फंदात पडू नये. धार काढली नाही तरी चौकातल्या बंदोबस्तावर ते पटवून देणे अवघड जाते, आणि गर्दीत बोथट पोलादही माणसाला जखमी करतेच.

नाशिकला खोट्या तलवारीची गरज जुनी आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या डोंगरपट्ट्यात बोहाडा होतो. रामायण-महाभारतातली सोंगे मुखवटे चढवून रात्रभर नाचतात, आणि देव असो की राक्षस, हातात आयुध लागतेच. शहरात धुळवडीला वीर निघतात. घरातल्या पूर्वजांचे टाक घेऊन मंडळी वाजतगाजत रामकुंडावर जातात, पोरांना देवांच्या नाहीतर मावळ्यांच्या वेशात सजवतात. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत खेळण्यांच्या पालांवर तलवारी टांगलेल्या असतात. त्यात शिवजयंती आणि शाळांच्या वेशभूषा स्पर्धांची भर पडली. या सगळ्या ठिकाणी तलवार नाचवली जाते, हातातून पडते, दुसऱ्याला लागते. म्हणून ती हलकी हवी, आणि मोडलीच तर टोकदार चिरफळ्या निघता कामा नयेत.

मशालीच्या उजेडात पाते गुळगुळीत आहे की ओबडधोबड हे कोणाला दिसत नाही. ते चमकते का, एवढेच दिसते. तिथे बेगड अगदी योग्य. लाकूड मात्र हलके लागते. सावंतवाडीच्या खेळण्यांना वापरतात तो पांगारा किंवा सावर यांसारखे लाकूड कोरायला मऊ पडते, पण पातळ केले की ठिसूळ होते. म्हणून पाते निदान १२ मिलिमीटर जाड ठेवून फक्त कडा उतरवायची. बेगड लावण्यापूर्वी लाकूड घासून गुळगुळीत केले नाही तर प्रत्येक उंचवटा वर्खातून वर येतो. आणि नुसत्या पिठाच्या खळीने चिकटवलेला बेगड पावसाळ्यात किडे पोखरतात. पुस्तक बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालत, त्यामागे हेच कारण होते. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूला ते वापरू नये, पांढरा फेव्हिकॉल पुरतो.

लाकडाच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. तलवार म्हटली की डोळ्यांपुढे वक्र पाते येते, आणि सरळ फळीतून ते वक्र कापले जाते. फळीतले तंतू सरळ जातात, पाते वळते. जिथे वळण जास्त तिथे तंतू पात्याला आडवे कापले जातात. तलवार नेमकी तिथेच तुटते, बहुधा टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात. फळी कितीही चांगली निवडा, हा दोष जात नाही. यावर प्लायवूड हा एक उपाय, कारण त्याचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात.

दुसरा उपाय इतिहासातच आहे. मराठ्यांची धोप सरळ किंवा जवळजवळ सरळ पात्याची. युरोपातून आलेली सरळ पाती इथल्या मुठीत बसवत, त्या तलवारींना फिरंग म्हणत. १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून भेट गेलेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात असलेली तलवारही सरळ युरोपीय पात्याचीच आहे. मावळ्याच्या हाती सरळ पाते शोभत नाही, असे समजणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. लाकडात बनवायचे तर धोप इतिहासालाही धरून आहे आणि टिकतेही जास्त.

रंगभूमीने अंतर कमी केले. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली सांगलीत झाले. पुढे नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या आणि सामानाच्या पेटीत मुकुट, गदा, तलवारी यांना कायमची जागा मिळाली. पेटीतून प्रवास करायचा तर मूठ आणि पाते सुटे करता आले पाहिजे, निदान मूठ पेटीच्या कोपऱ्यावर आपटून निखळू नये. म्हणून पात्याचाच शेपटासारखा निमुळता भाग मुठीत आरपार घालून मोगऱ्यापाशी, म्हणजे मुठीच्या टोकाच्या गोळ्यापाशी, खिळ्याने बसवणे, ही खऱ्या तलवारीची रीत लाकडातही उपयोगी पडते. ज्यांनी मूठ नुसती वरून चिकटवली, त्यांची मूठ पहिल्याच वारात हातात राहते आणि पाते प्रेक्षकांत जाते. पात्याचे हे शेपूट जिथे सुरू होते तिथला आतला कोपरा काटकोनी ठेवू नये. सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. निदान ५ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई द्यावी.

मग कॅमेरा आला, आणि इथे नाशिकचा संबंध थेट आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले होते. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी दादरला केला. बाह्यचित्रणासाठी गेलेल्या चमूजवळची हत्यारे पाहून गावकऱ्यांना ते दरोडेखोर वाटले आणि मंडळींना ताब्यात घेण्यापर्यंत वेळ आली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत येतो. शस्त्रबंदीच्या काळात तलवारी घेऊन फिरणारा घोळका लोकांना कसा दिसत असेल, ते यावरून कळते. त्यानंतर फाळक्यांनी आपले काम नाशिकला हलवले, आणि १९१८ पासून हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीचे चित्रपट इथेच तयार होऊ लागले. पौराणिक चित्रपट म्हणजे आयुधांचा सुकाळ.

त्या काळच्या फिल्मला निळा प्रकाश चांगला दिसे, पिवळा आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी सोनेरी किंवा तांबडा बेगड पडद्यावर काळपट उतरतो आणि चंदेरी पांढरा. मशालीपुढे देखणी दिसणारी सोनेरी मूठ त्या फिल्मवर मातकट दिसणार. उलट चंदेरी पाते भर उन्हात सपाट पांढरा पट्टा होऊन बसते. त्याला आकार द्यायचा तर सावली धरणारी खाच लागते.

ही खाच म्हणजे नळ. खऱ्या पात्यावर नळ काढतात तो ताकद फारशी न गमावता वजन उतरवण्यासाठी. शोभेच्या तलवारीत वजनाचा प्रश्नच नसतो, तरी नळ हवाच, कारण सपाट पट्टीचे पाते त्याच्या सावलीने होते. ज्याने तलवारीचे भाग नुसते सजावट म्हणून काढले त्याचे काम लगेच ओळखू येते: परज (पाते आणि मूठ यांमधली आडवी आड) बोटांपासून चार इंच लांब, मूठ क्रिकेटच्या बॅटसारखी लांबलचक. खऱ्या तलवारीची मूठ आखूड असते. परजेपासून वाटीपर्यंत (मुठीच्या टोकाच्या गोल चकतीपर्यंत) जेमतेम ९ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटे घट्ट बसतील एवढीच. वाटीचा व्यास ६ ते ७ सेंटिमीटर. पाते मोठ्या माणसासाठी ७५ सेंटिमीटर, शाळकरी मुलासाठी ५० पुरे. रुंदी साडेतीन ते चार सेंटिमीटर. एवढी मापे सांभाळली तरी निम्मे काम झाले.

घासलेटचे आणि तेलाचे डबे घरोघरी आले तेव्हा पत्र्याची तलवार आली. चमक उत्तम, बेगडाची गरज नाही. पण कापलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. कड आत दुमडून ठोकली नाही तर हात कापतो, आणि दुमडली तरी पाते मध्येच घडी पडून वाकते. एकदा पडलेली घडी सरळ होत नाही, तिथे चर राहतोच. मुलांसाठी पत्रा नको, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. नाशिकच्या तांबटांचे पितळकाम प्रसिद्ध आहे, पण पितळी मूठ हलक्या पात्याला लावली की सगळा भार मनगटाशी येतो आणि पाते काडीसारखे भिरभिरते.

थर्माकोल गणपतीच्या मखरांतून इकडे आला. कापायला लोण्यासारखा, पण स्प्रे रंग मारला की विरघळून खड्डे पडतात. रबरी चिकटपदार्थातला द्रावकही त्याला खातो. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि हौशी मंडळी ईव्हीए फोमकडे वळली. चपलांच्या तळव्यांत आणि मुलांच्या जोडायच्या चटयांत असतो तोच हा फोम. परदेशात वेशभूषेचे छंदी तो आधीपासून वापरत होते, आणि २०११ साली दिल्लीत पहिले कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचा मेळावा, भरल्यानंतर आपल्याकडेही त्याचे वेड पसरले. पॅकिंगचा पांढरा फोम मात्र वेगळा. दिसायला सारखा वाटला तरी त्यावर गोंद धरत नाही आणि रंग पापुद्र्यासारखा निघतो. भंगारातून फुकट मिळाला म्हणून तो आणू नये.

आज रूढ झालेली रचना जुन्या दोन्ही धड्यांवर उभी आहे. मध्ये ६ मिलिमीटर प्लायचा दोन सेंटिमीटर रुंद गाभा, मुठीत आरपार. तो ६ मिलिमीटर फोमच्या तेवढ्याच रुंद चरात बसवायचा, आणि दोन्ही बाजूंनी ५ मिलिमीटर फोम चढवायचा. टोकाशी शेवटचे पाच सेंटिमीटर नुसता फोम ठेवायचा, म्हणजे कोणाला टोचले तरी इजा होत नाही. वक्र पात्यात फायबरग्लासची सरळ कांडी वाकवून बसवण्याचा मोह टाळावा. ती स्प्रिंगसारखी सरळ व्हायला बघते आणि महिन्याभरात वळण निघून जाते.

चिकटवायला रबरी चिकटपदार्थ, म्हणजे दुकानात 'एसआर' मागितला की देतात तो. दोन्ही पृष्ठांना पातळ लावून दहा ते पंधरा मिनिटे थांबायचे. बोट लावल्यावर चिकटते पण बोटाला येत नाही, तेव्हा दाबायचे. ओला असताना दाबला तर आतला द्रावक अडकतो आणि दुसऱ्या दिवशी सांधा फुगतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पृष्ठावर ओलावा धरतो, तेव्हा आधी हीट गनने हलके शेकून घ्यावे. खिडक्या उघड्या, आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

नळासाठी धारदार कटरने दोन मिलिमीटर खोल रेघ मारून तिच्यावर गरम हवा सोडायची. रेघ आपोआप उघडते. मग सगळ्या पात्यावरून हीट गन सारखी फिरवत राहायचे, पृष्ठ किंचित तुकतुकीत होईपर्यंत. ही पायरी टाळली तर फोम रंग पिऊन टाकतो. एका जागी थांबलात तर आकसून सुरकुत्या पडतात. त्यावर पांढरा फेव्हिकॉल आणि पाणी समभाग, चार हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर.

रंगात बहुतेक जण थेट चंदेरी मारतात आणि राखाडी प्लास्टिक मिळते. आधी काळा हात, मग चंदेरी कोरड्या ब्रशने कडेकडून आत नेत, नळात काळे तसेच राहू द्यायचे. वरून मऊ पेन्सिलीची पूड फडक्याने घासली की पोलादाची थंड झाक येते. नाशिकच्या कालिदास कलामंदिर नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेसाठी हे इतके लागत नाही. तिथे उलट पाते थोडे मंद हवे, नाहीतर दिव्याची तिरीप प्रेक्षकांच्या डोळ्यांत जाते. पण हल्ली वीर असो की मावळा, हातभर अंतरावरून मोबाइलने फोटो काढला जातो, आणि त्यात ब्रशची प्रत्येक रेघ दिसते. शेवटचे दोन हात म्हणूनच पात्याच्या लांबीच्या दिशेने, एका दमात मारावेत.

वापरून झाल्यावर तलवार माळ्यावर किंवा पत्र्याच्या खोलीत टाकू नये. एप्रिल-मेच्या उन्हात तिथे फोम मऊ पडतो, भिंतीला टेकवून ठेवला तर वाकतो आणि वाकडाच राहतो. मुठीच्या बाजूने दोरी बांधून खिळ्याला लोंबती टांगावी.