घरगुती ॲल्युमिनियम ओतकाम
छंद म्हणून अंगणात किंवा शेडमध्ये छोट्या भट्टीवर ॲल्युमिनियम वितळवायचे आणि वाळूच्या साच्यात ओतून मुठी, कप्प्या, ब्रॅकेट यांसारखे सुटे भाग तयार करायचे, असे हे काम. ॲल्युमिनियम ६६०° से. तापमानाला वितळते. बिडाला त्याहून जवळपास ५०० अंश जास्त लागतात. त्यामुळे ॲल्युमिनियमसाठी लोणारी कोळसा आणि छोटा ब्लोअर पुरतो.

या छंदाचा मोठा प्रसार अमेरिकेतील डेव्हिड गिंजरी (१९३२–२००४) यांच्या सात पुस्तकांच्या मालिकेने केला. बादलीत बसवलेल्या कोळशाच्या भट्टीपासून सुरुवात करायची, तिच्यात भंगार ओतून लेथ उभा करायचा आणि त्या लेथच्या आधाराने शेपर, मिलिंग मशीन अशी पुढची यंत्रे बनवायची, असा त्यांचा क्रम.

भंगार ओतीवच घ्यावे. पिस्टन, सिलिंडर हेड, अलॉय व्हील यांत साधारण ७ ते १२ टक्के सिलिकॉन असते. त्याने रस (वितळलेला धातू) पातळ वाहतो आणि साच्याचे कोपरे भरतो. खिडकीच्या पट्ट्या ओतल्यावर तडकण्याची भीती असते. शीतपेयांचे डबे फुकट मिळतात, पण पातळ पत्र्यामुळे त्यांची बरीचशी मळीच (रसावर साचणारा निरुपयोगी थर) होते.

वितळवणे त्या मानाने सोपे. खरी परीक्षा वाळूची. बारीक सिलिका वाळूत ८–१० टक्के बेंटोनाइट (वाळू बांधून धरणारी चिकणमाती) आणि ३–४ टक्के पाणी मळतात. मूठभर वाळू दाबून मूठ उघडली की बोटांचे ठसे उमटलेले दिसावेत, आणि गोळा मोडला तर न भुसभुशता कडेने स्वच्छ तुटावा. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत बिडासाठी हीच ओली वाळू टनांनी चालते. पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवायचा भागाचा नमुना, लाकडाचा किंवा थ्रीडी प्रिंटरवर काढलेला चालतो, मात्र तो वाळूतून अलगद निघावा म्हणून बाजूंना एक-दोन अंश उतार हवा. थंड होताना ॲल्युमिनियम आकसते, म्हणून १०० मिमी भागासाठी पॅटर्न सुमारे १०१.३ मिमी धरतात. जाड भागाला आकसताना रस पुरवायला वर रायझर, म्हणजे जादा रसाची पोकळी, ठेवतात. तो विसरला की तिथे हमखास खड्डा.

वितळलेले ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषते आणि गोठताना तो सोडते. भाग कापल्यावर आत दिसणारी टाचणीच्या टोकाएवढी भोके बहुतेक त्याचीच. रस फार तापवून ठेवला, उगाच ढवळत बसले, तर ती वाढतात. म्हणून लवकर वितळवून, मळी काढून, ७००–७५० अंशांच्या दरम्यान लगेच ओततात. मूस, म्हणजे धातू वितळवायचे भांडे, ग्रॅफाइटची बरी. लोखंडी डबा नवख्यांना सोयीचा वाटतो, पण ॲल्युमिनियम लोखंड हळूहळू विरघळवते. डब्याची भिंत पातळ होत जाते आणि रसात उतरलेल्या लोखंडाने भाग ठिसूळ होतो.

धोका पाण्याचा. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर होते. ओले भंगार रसात बुडाले तर तो उसळून अंगावर येतो. काँक्रीटच्या फरशीवर सांडला तरी आतल्या ओलाव्याने फरशीच्या कपच्या उडतात, म्हणून ओतायची जागा कोरड्या वाळूची करतात. शिवाय दिवसाच्या उजेडात हा रस लाल दिसत नाही, पाऱ्यासारखा चंदेरीच राहतो. नुसत्या डोळ्यांनी गरम की गार ते कळत नाही. फेस शील्ड, चामडी बूट, सुती कपडे लागतातच. नायलॉन अंगाला चिकटते.

साचा फोडल्यावर रनर (रस आत नेणाऱ्या वाटेत गोठलेला धातू) आणि रायझर करवतीने कापतात. ते तुकडे, आणि फसलेला भागही, कोरडे करून पुढच्या वेळी मुशीत जातात.