महास्फोटाला केंद्र नव्हतं

महास्फोट, म्हणजे विश्वाचा आरंभ, हा पोकळीत कुठंतरी फुटलेला बॉम्ब आणि दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड समूह) त्याचे तुकडे, हा समज जुनाच. पण इथं जागाच ताणली गेली, सगळीकडे एकदम. केंद्र शोधून सापडणार नाही. दीर्घिका घडवल्या गुरुत्वाकर्षणानं. सुमारे 3,80,000 वर्षांनी प्रकाश मोकळा झाला, तेव्हा ठिकठिकाणच्या तापमानातला फरक लाखात एक भाग एवढाच होता, म्हणजे वायू जवळपास सारखाच पसरलेला होता. तोवर प्रारणाचा, म्हणजे कोंडलेल्या प्रकाशाचा, दाब साध्या वायूला गोळा होऊ देत नव्हता. कृष्णद्रव्याला, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणाऱ्या द्रव्याला, तो दाब जाणवत नाही; त्याच्या गुरुत्वाकर्षणाचे खळगे आधीच खोल झाले आणि वायू नंतर त्यांत उतरला.

हिंगोलीत औंढा नागनाथजवळचं नियोजित लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी (जागेतली थरथर) टिपणारं यंत्र, महास्फोट 'ऐकणार', हीही अफवाच. त्याच्या 4 किलोमीटरच्या भुजा टिपतील त्या कृष्णविवरांच्या, न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या) टकरींतून उठणाऱ्या लहरी. विश्वाच्या आरंभीच्या लहरी तिथं फारच क्षीण अपेक्षित आहेत.