चीगोंगची पार्श्वभूमी: थडग्यातील चित्रापासून रुग्णालयापर्यंत

चीगोंग शिकू लागणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच सांगितले जाते की ही पाच हजार वर्षांची अखंड परंपरा आहे. श्वास, संथ हालचाली आणि एकाग्रता यांवर आधारलेल्या साधना चीनमध्ये निदान बावीसशे वर्षे चालत आल्या आहेत, हे खरे. परंतु त्यांना एका नावाखाली आणून, देवधर्मापासून वेगळे करून आरोग्यसेवेत बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या मध्यावर हेबेई प्रांतात झाले, आणि त्यामागे राजकीय निर्णय होता. आज शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी कोणती कोणत्या काळातली आहे हे कळल्याशिवाय कोणत्या दाव्यावर किती विसंबावे हे शिकणाऱ्याला ठरवता येत नाही, म्हणून हा इतिहास महत्त्वाचा आहे.

हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वी येथे इ.स.पू. 168 मध्ये बंद केलेले एक थडगे 1973 मध्ये उघडण्यात आले. त्यात वैद्यकविषयक हस्तलिखितांबरोबर रेशमावर रंगवलेले एक चित्र मिळाले. त्याचे तुकडे जुळवल्यावर चार ओळींत व्यायाम करणाऱ्या 44 आकृती दिसल्या. त्यांत स्त्रियाही आहेत आणि पुरुषही. कोणी अंगरखा घातलेले, कोणी कमरेपर्यंत उघडे. एक व्यक्ती दोन्ही हातांत लांब काठी धरून वाकली आहे आणि शेजारी लिहिले आहे की काठीच्या साह्याने यिन व यांग (चिनी विचारातील परस्परपूरक शक्ती) जोडावेत. दुसऱ्या एका आकृतीजवळ गुडघेदुखीचा उल्लेख आहे, तर काही आकृतींना अस्वल, माकड अशा प्राण्यांची नावे दिलेली आहेत. हूबेई प्रांतातील च्यांगच्याशान येथे त्याच सुमाराच्या थडग्यात सापडलेल्या बांबूच्या पट्ट्यांवर अशाच व्यायामांचे लिखित वर्णन आहे. त्याची सुरुवात ऋतुचर्येने होते: वसंतात पहाटे उठावे, तोंड धुवावे, दात स्वच्छ करावेत, केस मोकळे सोडून फिरावे, पेलाभर पाणी प्यावे. या प्रकाराला तेव्हा दाओयिन म्हणत, आणि मला या जुन्या साधनांमधील सर्वांत विश्वसनीय भाग हाच वाटतो, कारण तो दुखणाऱ्या गुडघ्याशी आणि रोजच्या दिनक्रमाशी बोलतो.

पुढे इ.स. 208 च्या सुमारास मृत्यू पावलेला वैद्य ह्वा थुओ याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी यांच्या हालचालींवरून व्यायामाचे पाच खेळ बसवले, असे जुन्या इतिहासग्रंथांत नोंदलेले आहे. दरबारी वैद्य चाओ य्वेनफांग याने 610 मध्ये रोगांची कारणे आणि लक्षणे सांगणारा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा अनेक रोगांखाली त्याने औषधांऐवजी दाओयिनचे प्रकार दिले. याच काळात ताओवादी साधक अमरत्वासाठी आणि बौद्ध मठांतील भिक्षू ध्यानासाठी श्वासाच्या पद्धती घडवत होते. या धारा एकमेकींत मिसळत राहिल्या, पण त्यांची उद्दिष्टे एक नव्हती.

भारतीय वाचकाला येथे बोधिधर्माची आठवण होईल. दक्षिण भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात स्नायू बळकट करण्याची विद्या शिकवली, अशी कथा आपल्याकडेही अभिमानाने सांगितली जाते. मात्र ज्या ग्रंथावर ती उभी आहे त्याचा सर्वांत जुना पुरावा 1624 चा आहे, आणि सातव्या शतकातील एका सेनापतीच्या नावावर घातलेली त्याची प्रस्तावना चिनी पंडितांनीच बनावट ठरवलेली आहे. भारत आणि चीन यांच्यात ध्यानमार्गाची देवाणघेवाण खरोखरच झाली, तिला अशा आधाराची गरज नाही.

आधुनिक चीगोंगची सुरुवात ल्यू ग्वेचेन या तरुण कम्युनिस्ट कार्यकर्त्यापासून होते. 1947 मध्ये पोटातील व्रणाने बेजार झाल्यामुळे त्याला हेबेईतील गावी पाठवण्यात आले. तेथे त्याने ल्यू तुचोउ या साधकाकडून श्वास आणि ध्यानाची पद्धत शिकून 102 दिवस ती नेमाने केली, आणि बरा होऊन तो कामावर परतला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या हेबेईत 1942 मध्ये मरण पावले तोच हा प्रांत. औषधे नाहीत, डॉक्टर नाहीत, आणि चीनमधील गृहयुद्ध संपलेले नाही, अशा स्थितीत ल्यू ग्वेचेनच्या वरिष्ठांना बिनखर्चाच्या या उपायाचे मोल पटले. 1949 मध्ये त्यांनी या पद्धतींसाठी चीगोंग हे एकच नाव निश्चित केले आणि त्यांतील धार्मिक भाग काढून टाकला. जुन्या साधनेत ‘सोन्याच्या ड्रॅगनचा पंजा ध्यानगृहात बसला आहे’ अशा अर्थाचा मंत्र मनात म्हणत; त्याऐवजी रुग्णाने आरोग्यासाठी ध्यानाला बसत असल्याचे वाक्य म्हणावे असे ठरले. 1954 मध्ये थांगशान येथे आणि 1956 मध्ये बेइदाइहे या समुद्रकाठच्या गावी चीगोंगची उपचारकेंद्रे निघाली. 1929 मध्ये चिनी वैद्यकावर बंदी घालण्याचा प्रस्ताव सरकारी परिषदेत संमत झाला होता. 1956 मध्ये त्याच वैद्यकाची महाविद्यालये नव्या कम्युनिस्ट सरकारने बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगतू येथे उघडली. चीगोंग त्याच धोरणाचा भाग होते.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीत (1966–76) हे सारे बंद पडले. ल्यू ग्वेचेनला पक्षातून काढून श्रमाच्या कामाला लावण्यात आले. सत्तरच्या दशकात ग्वो लिन या चित्रकार स्त्रीने बीजिंगच्या उद्यानांत, स्वतःच्या कर्करोगानंतर घडवलेली चालत करायची पद्धत लोकांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा ही विद्या रुग्णालयाबाहेर आली. 1979 नंतर तिची लाट उसळली. हातातून बाहेर पडणारी ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती यंत्रांनी मोजल्याचे दावे झाले, अग्निबाणशास्त्रज्ञ छ्यान श्वेसन यांच्यासारख्या मान्यवराने त्यांना पाठिंबा दिला, आणि दुरून रोग बरे करणाऱ्या गुरूंच्या सभांना हजारो लोक जमू लागले. ‘ची’चे ते मापन स्वतंत्र पडताळणीत टिकले नाही. या काळाबद्दल मला खेद वाटतो, कारण स्वतः रोज करायच्या साधनेची जागा गुरूच्या शक्तीने घेतली.

एप्रिल 1999 मध्ये, चीगोंगच्या या लाटेतूनच निघालेल्या फालुन गोंग या पंथाचे सुमारे दहा हजार अनुयायी बीजिंगमधील सत्ताकेंद्रासमोर मूकपणे उभे राहिले. जुलैमध्ये त्या पंथावर बंदी आली, हजारोंना अटक झाली, आणि चीगोंगच्या इतर मोठ्या संघटनाही मोडल्या गेल्या. त्यानंतर क्रीडा प्रशासनाने चीगोंग आपल्या हाती घेऊन 2003 च्या सुमारास चार प्रमाणित संच प्रसिद्ध केले: पाच प्राण्यांचे खेळ, स्नायूंच्या बळकटीचा संच, सहा ध्वनींचा संच, आणि सुङ् राजवटीच्या काळापासून (दहावे ते तेरावे शतक) ज्ञात असलेला आठ हालचालींचा पातुआनचिन. त्यांत गुरूची शक्ती नाही, दुरून उपचार नाहीत. चीनबाहेर मात्र ऐंशीच्या दशकातील गुरूंचे शिष्य आणि या प्रमाणित संचांचे शिक्षक दोघेही शिकवत असतात, आणि दोघेही आपल्या वर्गाला चीगोंगच म्हणतात.