कीटन, बस्टर

(४ ऑक्टोबर १८९५ – १ फेब्रुवारी १९६६). अमेरिकन मूकपटांचा दिग्दर्शक व विनोदी नट. मूळ नाव जोसेफ फ्रँक. जन्म कॅन्झस राज्यातील पिक्वा येथे. आईवडिलांच्या व्हॉदव्हिल (नाच-गाणी, विनोद व कसरतींचा रंगमंचीय कार्यक्रम) खेळात तो लहानपणीच रंगमंचावर उतरला; पडायचे कसे, हे तिथेच अंगात मुरले. १९१७ मध्ये विनोदी नट व दिग्दर्शक रॉस्को आर्बकलच्या संचातून तो चित्रपटात आला.

न हसणारा चेहरा ही त्याची सर्वपरिचित ओळख; खरे मोठेपण मात्र मोजमापात आहे. अवघड करामत तो लांबून, न तोडता एकाच शॉटमध्ये घेई. माणूस आणि संकट एकाच चौकटीत दिसले, तरच प्रेक्षकाचा विश्वास बसतो.

‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये (१९२८) वादळात घराची दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीमुळे तो वाचतो. कीटनने नंतर सांगितल्याप्रमाणे, बिजागऱ्यांवर बसवलेला भिंतीचा सांगाडा आधी जमिनीवर आडवा केला आणि खिडकीची चौकट त्याच्या अंगाच्या मापाने ठोकली : दोन्ही खांद्यांशी, डोक्याशी आणि टाचांशी २-२ इंच मोकळी जागा. टाचांच्या जागी जमिनीत मोठे खिळे मारले. मग सांगाडा उभा करून भिंत पुरी केली. खिडकी सुमारे १८ फूट उंचीवर होती. वाऱ्यासाठी ६ यंत्रे लावली होती, पण त्यांचा झोत पडत्या भिंतीवर येऊ द्यायचा नव्हता. भिंत जराशी पिळवटली असती, तरी खिडकी जागेवर आली नसती. असा शॉट एकदाच घेता येतो.

‘द प्लेहाऊस’मध्ये (१९२१) एकाच चौकटीत ९ कीटन दिसतात. भिंगापुढे ९ झडपांची पेटी बसवली होती. एक झडप उघडायची, चित्रण करायचे, फिल्म मागे गुंडाळायची आणि पुढची झडप उघडायची. छायालेखक एल्जिन लेस्ली कॅमेरा हाताने फिरवी; नऊही वेळा वेग तोच राहिला, म्हणून हे साधले. नाचाची पावले जुळावीत म्हणून कीटन बँजो या तंतुवाद्याच्या तालावर नाचला. सगळे एकाच निगेटिव्हवर असल्यामुळे नवव्या वेळची चूक आधीच्या आठही चित्रणांवर पाणी फिरवणारी होती. लेस्लीचे नाव कीटनच्या बरोबरीने घ्यायला हवे.

‘शेरलॉक ज्युनियर’मध्ये (१९२४) तो पडद्यातल्या चित्रपटात शिरतो आणि भोवतालची दृश्ये बदलत जातात, तो मात्र जागचा हलल्यासारखा वाटत नाही. त्यासाठी कॅमेऱ्यापासूनचे अंतर दर ठिकाणी मोजून घेतले होते. याच चित्रपटात पाण्याच्या टाकीखालच्या दृश्यात त्याच्या मानेचे हाड मोडले. ते कळले अनेक वर्षांनी. ‘द जनरल’साठी (१९२६) ऑरेगनमध्ये जळत्या पुलावरून खरे इंजिन नदीत पाडले.

१९२८ मध्ये तो एमजीएम या हॉलिवुडच्या मोठ्या चित्रपटसंस्थेकडे गेला. तिथे पटकथा आणि वेळापत्रक आधीच ठरलेले असे. सेटवर करून बघत, मोजत दृश्य घडवण्याची त्याची मोकळीक संपली. १९६० मध्ये त्याला सन्मान ऑस्कर मिळाले.