धरण-निष्कासनोत्तर नदी-पुनरुज्जीवन

नदीवरील धरण किंवा बंधारा काढून टाकल्यावर तिचा प्रवाह, गाळाची वाहतूक, काठची झाडी आणि माशांचे अधिवास पूर्वपदावर यावेत म्हणून केलेली कामे, तसेच नदीने आपणहून घडवून आणलेले बदल. यांत नदीचा स्वतःचा वाटा बहुधा मोठा असतो. त्यामुळे ही संज्ञा केवळ स्थापत्यकामापुरती वापरणे योग्य नव्हे.

प्रारंभ : या प्रथेचा आरंभ पुष्कळदा अमेरिकेतील मेन राज्यातल्या केनेबेक नदीवरील एडवर्ड्स धरणापासून (बांधकाम १८३७, निष्कासन १९९९) धरतात. तेथे मालकाच्या इच्छेविरुद्ध संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगाने १९९७ मध्ये परवान्याचे नूतनीकरण नाकारले होते. तथापि आयडाहोतील सॅमन नदीवरचे, १९१० च्या सुमारास बांधलेले सनबीम धरण १९३४ मध्येच सुरुंगाने फोडण्यात आले. ते कोणी फोडले याविषयी मतभेद आहेत. राज्याच्या मत्स्यविभागाने ते करवून घेतले, हे मत अधिक संभवनीय वाटते.

यातूनच दुसरा, अधिक महत्त्वाचा वाद निघाला. सनबीमच्या वरच्या अंगाला असलेल्या रेडफिश सरोवरात सॉकाय (समुद्रात वाढून विणीसाठी गोड्या पाण्यात परतणाऱ्या सॅमन माशांची एक जात) विणीसाठी येत. धरणाच्या काळात त्यांचा मूळ वंश संपला आणि पुढे आलेले मासे भरकटलेले किंवा सरोवरातच राहणाऱ्या कोकानी (सॉकायचाच एक प्रकार) माशांपासून झालेले होते, असा एक पक्ष. धरण माशांना पूर्णपणे अडवत नव्हते आणि काही सॉकाय समुद्रात न जाता सरोवरातच टिकून राहिले, असा दुसरा. जनुकीय तपासणीत सरोवराच्या किनाऱ्यालगत विणणारे हे 'मागे राहिलेले' सॉकाय समुद्रातून परतणाऱ्यांशी जुळले, तर ओढ्यात विणणारे कोकानी वेगळे निघाले. त्यामुळे दुसरे मत ग्राह्य धरावेसे वाटते. प्रश्न केवळ विद्वत्तेचा नाही: हा वंश १९९१ मध्ये संकटग्रस्त घोषित झाला आणि १९९२ मध्ये खालच्या आठ धरणांतून वाट काढत एकच नर सरोवरापर्यंत पोहोचला. वंश मूळचा नसता, तर त्याला वाचवण्याचा आधारच डळमळला असता.

गाळ : धरण वाळू आणि खडी अडवते, त्यामुळे खालचे पात्र उपाशी राहते, बारीक खडी वाहून जाते व हलवता न येणारे मोठे गोटे उरतात. सॅमनची मादी कुशीवर वळून शेपटीच्या फटक्यांनी खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वरच्या बाजूची खडी उडवून ती झाकते. दगडांच्या फटींतून खेळणारे पाणीच अंड्यांना प्राणवायू पुरवते. गोट्यांत खळगा होत नाही आणि बारीक गाळाने फटी बुजल्या तर अंडी गुदमरतात. म्हणजे धरण काढल्यावर सुटणारा गाळ प्रथम घातक असतो आणि पुढे तोच विणीची जागा तयार करतो.

तो सोडावा कसा, याच्या दोन रीती आहेत. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील व्हाइट सॅमन नदीवरील काँडिट धरणाच्या तळाशी ऑक्टोबर २०११ मध्ये बोगदा फोडून जलाशय दोन तासांच्या आत रिकामा केला. विणीला आलेले चिनूक (सॅमनची एक जात) आधीच पकडून धरणाच्या वर सोडले होते. याउलट त्याच राज्यातील एल्वा नदीवर ३३ मी. उंचीचे एल्वा (१९१३) व ६४ मी. उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन (१९२७) ही धरणे २०११ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने उतरवली आणि माशांच्या हंगामात काम थांबवले. तेथे अडकलेला गाळ सुमारे २.१ कोटी घनमीटर होता. त्याने मुखाशी नवे वाळूकाठ तयार केले. उघड्या पडलेल्या जलाशयतळावर स्थानिक रोपे लावली गेली.

मासे : एल्वावर मत्स्यसोपान (माशांना धरण चढून जाण्यासाठी केलेले पायऱ्यांसारखे जलमार्ग) नव्हते, समुद्रातून येणाऱ्या माशांना मुखाजवळचे सुमारे ८ किमी.च पात्र उरले होते. निष्कासनानंतर मत्स्यबीज केंद्रातली पिल्ले सोडावीत की नदीला वेळ द्यावा, यावर तीव्र वाद झाला. सुरुवातीला परतलेले बहुतांश चिनूक केंद्रातलेच होते. मात्र धरणांच्या वर पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेल्या इंद्रधनुषी ट्राउटमध्ये समुद्राकडे जाण्याची क्षमता शाबूत राहिली होती. उन्हाळ्यात चढणारे स्टीलहेड (समुद्रात जाऊन परतणारे इंद्रधनुषी ट्राउट) मुख्यतः त्यांच्यापासूनच पुन्हा दिसू लागले. घाईने पिल्ले सोडण्यापूर्वी हे ध्यानात घ्यायला हवे. अमेरिकेच्या ऑरेगन व कॅलिफोर्निया राज्यांतून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ पर्यंत निघाली आणि त्याच ऑक्टोबरात ऑरेगनमधील वरच्या खोऱ्यात चिनूक आढळले, १९१२ नंतर प्रथमच.

इतरत्र : जपानमधील कुमा नदीवरचे आरासे धरण (२०१२–१८) आणि फ्रान्समधील सेल्यून नदीवरचे ३६ मी. उंचीचे व्हेझँ धरण ही ठळक उदाहरणे.

समाज : एल्वाच्या मुखाशी राहणाऱ्या क्लॅलम जमातीने निष्कासनासाठी दीर्घकाळ आग्रह धरला, त्यासाठीचा कायदा १९९२ मध्ये झाला. जलाशय ओसरल्यावर २०१२ मध्ये जमातीचे, पाण्याखाली गेलेले उत्पत्तिस्थान पुन्हा उघडे पडले. २०११ पासून थांबवलेली मासेमारी जमातीने २०२३ मध्ये विधी व घरच्या खाण्यापुरती, कोहो सॅमनपासून, पुन्हा सुरू केली.