होडॅग
होडॅग म्हणजे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ऱ्हाइनलँडर गावचा प्राणी, खराखुरा नाही, लाकूडतोड्यांच्या थापांमधला. १९व्या शतकात तिकडे व्हाइट पाइनची जंगलं तुटत होती, माणसं अख्खा हिवाळा कॅम्पात काढायची, आणि रात्री टाइमपास काय तर नवीन पोराला घाबरवायचं. स्क्वोंक, हाइडबिहाइंड वगैरे थापांमधले प्राणी याच गोतावळ्यातले.

जन्मकथा एक नंबर आहे. ओंडके ओढणारे बैल जन्मभर गड्यांच्या शिव्या ऐकतात, म्हणून मेल्यावर त्या शिव्या धुऊन निघाव्यात यासाठी बैलाला सात वर्षं जाळायचं, आणि त्या राखेतून होडॅग उठतो. तोंड बेडकासारखं, पाय आखूड पण जाडजूड, नखं मोठाली, पाठीवर काट्यांची रांग, शेपटीला भाल्यासारखी टोकं. खातो फक्त पांढरे बुलडॉग, तेही रविवारीच (हा रविवारचा नियम कोणाच्या डोक्यातून आला देव जाणे).

पण हे सगळं कॅम्पातच विरून गेलं असतं, त्याला गावभर केलं ते युजीन शेपर्डने. जंगलात फिरून किती लाकूड निघेल याचा अंदाज बांधणं हा त्याचा धंदा, आणि माणूस एक नंबरचा खोडकर. १८९३ मध्ये पेपरात आलं की होडॅग सापडला, कशानेच आवरेना म्हणून शेवटी डायनामाइट लावून मारला, आणि जळक्या अवशेषांचा फोटोही निघाला. १८९६ मध्ये तर याने जिवंतच पकडल्याचं सांगितलं, म्हणे गुहेत कोंडून लांब काठीने क्लोरोफॉर्म हुंगवला. मग काउंटीच्या जत्रेत अंधाऱ्या तंबूत ठेवला, लोक १०-१० सेंट देऊन बघायला आले. होता तो लाकडाचा सांगाडा, वरून बैलाचं कातडं आणि गुरांची शिंगं, आतून तारा ओढल्या की हलायचा. लोकांना लांबच उभं करायचे, त्यामुळे खपून गेलं.

शेवटी स्मिथसोनियनवाले (वॉशिंग्टनची मोठी संग्रहालय-संशोधन संस्था) तपासायला येणार म्हटल्यावर शेपर्डने कबूल करून टाकलं. गाव मात्र चिडलं नाही, उलट होडॅगच डोक्यावर घेतला. आज चेंबर ऑफ कॉमर्ससमोर त्याचा मोठा हिरवा फायबरग्लासचा पुतळा आहे, हायस्कूलच्या टीमला होडॅग्ज म्हणतात, आणि दरवर्षी उन्हाळ्यात होडॅगच्या नावाने कंट्री म्युझिकचा फेस्टिव्हल भरतो.